फळ्यावरचा चौथा शब्द

कुलूप हातात घ्यायचं, कपाळाला लावायचं, डोळे मिटायचे आणि मगच किल्ली फिरवायची. शाळेच्या खोल्या आठ, म्हणून हे सगळं आठ वेळा. तुमसरहून धुळीतून मोटरसायकल हाणत आलेला मी व्हरांड्यात घाम पुसत उभा, आणि आमचे शिपाई अजून सहाव्या कुलपाशी. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो.

"भाऊ, आटपा की! परिपाठाची वेळ झाली."

"देवाची जागा होय सर हे. अशी कशी धडाधडा खोलू?"

आमची शाळा सिहोऱ्याच्या पलीकडं, कौलारू आणि गळकी. देवाला इथं राहायचं असेल तर आधी छपराचे कवेलू फेरून घ्यावे लागतील, असं मी म्हणायचो. लोक हसायचे. मी इंग्रजीचा मास्तर, आणि आपल्या जिभेला धार आहे असा माझा मोठा समज.

घंटा देताना भाऊ चपला काढून ठेवत, फरशी कितीही तापलेली असो. वाटेत खडूचा तुकडा पडलेला दिसला तर उचलून नमस्कार करत. आता तुम्ही म्हणाल, अशी माणसं दाखवण्यासाठी करतात. मी एकदा लवकर येऊन कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. आवारात चिटपाखरू नव्हतं, तरी भाऊंचं तेच चाललं होतं. हे मला ठाऊक होतं, एवढं लक्षात ठेवा.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तशी फुकट वाटायच्या पुस्तकांचे गठ्ठे आले. पाय दुखत होते, म्हणून मी वर्गातल्या एका गठ्ठ्यावर टेकलो. भाऊ आत आले आणि साऱ्या पोरांसमोर हात जोडून म्हणाले, "सर, उठा जी. विद्येवर बसून राहिले तुमी." पोरं फिसकन हसली. मी उठलो. राग गिळला, पण पचला नाही.

पंधरा दिवसांनी दहावीला भक्तीचे शब्द शिकवत होतो. फळ्यावर चार लिहिले. 'डिव्हाउट' म्हणजे मनापासून श्रद्धा असलेला. 'पायस' म्हणजे नेमधर्म पाळणारा. 'सेंटली' म्हणजे संतवृत्तीचा. आणि चौथा, 'सँक्टिमोनिअस', म्हणजे धार्मिकपणाचं ढोंग करून दुसऱ्याला कमी लेखणारा. पोरांना हा काही कळेना. तेवढ्यात भाऊ सूचनेची वही घेऊन दारात आले. मी त्यांच्याकडं बोट केलं, तो शब्द पुन्हा मोठ्यानं म्हणालो, आणि वर्ग खो खो हसत सुटला.

काही न कळून भाऊही हसले. तास संपल्यावर थांबले.

"सर, माह्या नावानं कोणता शब्द सांगतला जी? काय म्हणते त्याले?"

"मोठा भक्त," मी म्हणालो. जीभ जराही अडखळली नाही.

त्यांनी तो शब्द माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला. पुढं कितीतरी दिवस चहा देताना ते स्टाफरूममध्ये सांगत, "सरनं मले इंग्रजीत पदवी देल्ली." आम्ही सारे कपात तोंड घालून हसायचो. लाज वाटते सांगायला, पण सगळ्यात जास्त मी हसायचो.

दिवाळीनंतर खोल्या वेळेवर उघडायला लागल्या. भाऊ कुलूप धरत, खटकन खोलत आणि पुढं जात. कपाळ नाही, डोळे मिटणं नाही. सुधारले एकदाचे, असं म्हणून मी चक्क खूश झालो.

मग एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले.

"सर, एक विचारू? रागावू नका. पोरगी दिवाळीले आली होती, भंडाऱ्याले नर्सिंग करते. तिनं मोबाइलमधी पाहून त्या शब्दाचा अर्थ सांगतला."

 त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुमी शिकलेले मानसं. काही पाहूनच म्हटलं असन. माह्यात ढोंग कुठं दिसलं, तेवढं सांगा. तेवढं काढून टाकतो."

भाऊ, ढोंग तुमच्यात नाही, मी सूड उगवला, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "घंटेची वेळ झाली, भाऊ." ते लगबगीनं गेले.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी भाषण ठोकलं, तोंड भरून स्तुती केली. माफी तेवढी मागितली नाही. सांगू कधीतरी, भाऊ कुठं पळून जातात, असं म्हणत दोन वर्षं घालवली. यंदा धान कापणीच्या दिवसांत ते गेल्याचं कळलं.

घरी भेटायला गेलो. भाऊंच्या बायकोनं, वहिनींनी, खुर्ची दिली. कोपऱ्यात देवापुढं दिवा लावलेला होता.

"शेवटी शेवटी दिवा मीच लावो," त्या म्हणाल्या. "ते दुरूनच पाहत. म्हणत, तूच लाव, माह्या हातचं खरं नाही. जलमभर पूजा केलेला मानूस जी! काहून असं झालं असन? तुमी तं रोज त्याईच्या संग होते. तुमाले काही बोलले काय?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. घरात आम्ही दोघंच होतो, अडवणारं कोणी नव्हतं.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मला काही बोलले नाहीत."

"मले वाटलं, तुमाले तरी सांगतलं असन. लई मानत तुमाले," असं म्हणत त्या चहा ठेवायला उठल्या. मी नको म्हणालो नाही.