संपतची बोटं आणि माझी कणीक

संपत औटीला पखवाजवाल्यांबद्दल कधीच आदर नव्हता. "तुमाला काय राव, नुसतं बडवायचं काम," असं तो माझ्या तोंडावर म्हणायचा. मी सावळेराम. राजुरीत माझी पिठाची गिरणी आहे आणि गावच्या भजनी मंडळात मी पखवाज वाजवतो. संपत पेटी वाजवायचा. आम्ही एका आळीतले, एका वयाचे, आणि दिवसातून एकदा भांडण झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

पण खोटं कशाला बोलू, संपतसारखी पेटी आमच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. नारायणगावच्या एका तमाशातले म्हातारे पेटीमास्तर हंगाम संपला की त्याच्या मामाच्या मळ्यात येऊन राहायचे. त्यांच्यापुढे बसून तो लहानपणी शिकला. पुढे गाई पाळल्या, तरी सकाळी धारा काढायच्या आधी गडी गोठ्यातच पेटी उघडून बसे. पेटी ऐकून गाई जास्त दूध देतात असं त्याचं म्हणणं होतं. त्याची बायको ठकूबाई म्हणायची, "त्या बिचाऱ्या लवकर पान्हा सोडत्यात, म्हंजी ह्यो लवकर थांबंल."

आमच्या मंडळाचे गाणारे सोमाजीबुवा. वय झालेलं, पण आवाज असा की देवळातल्या पाकोळीनंही उडायचं विसरावं. दम मात्र कमी पडायला लागला होता. बुवांचा आवाज वर चढताना चिरकला की पुढच्या अभंगाला संपत गुपचूप सूर खाली घ्यायचा. पेटीच्या काळी चार पट्टीवरून काळी दोनवर. लोकांना पत्ता लागायचा नाही, बुवांनाही लागायचा नाही. पत्ता लागायचा तो मला, कारण मला भर भजनात हातोडी घेऊन पखवाज त्या सुराला उतरवावा लागायचा. मी डोळे वटारायचो आणि संपत छताकडे बघायचा.

नव्वद सालानंतरची पाच-सात वर्षं अशी मजेत गेली. मग एका श्रावणात, एकादशीच्या भजनात, संपतच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप वळलं आणि तळहातात जाऊन बसलं. त्यानं हात झटकला, पुन्हा पट्ट्यांवर ठेवला. बोटं पुन्हा आत. दुखणं नाही, मुंग्या नाहीत, काही नाही. पट्ट्यांना हात लागला की ही दोघं घडी घालून गप्प.

संपतला वाटलं रियाज कमी पडला. म्हणून त्यानं दुपारचाही रियाज सुरू केला आणि बोटं आणखीच वळायला लागली. गंमत अशी की तोच हात धारा काढताना चोख चालायचा. टोमॅटोची बांधणी करताना सुतळीची गाठ मारायचा. गाईच्या पाठीवर तर तीच बोटं सगळा अभंग वाजवून दाखवायची. फक्त पेटीवर नाही.

मग काय, गावाला विषय मिळाला. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं ढोंग करतोय. माझ्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या एकानं हे ढोंगाचं बोलून दाखवलं, तेव्हा मी त्याचं दळण तसंच परत दिलं आणि दुसऱ्या गावच्या गिरणीची वाट दाखवली. संपतला नावं ठेवायचा हक्क माझा होता, येरागबाळ्याचा नाही. लिंबू उतरवून झालं, हाड बसवणाऱ्याचं तेल झालं, भीमाशंकरला अभिषेक झाला. भीमाशंकरहून येताना घाटात संपतला गाडी लागली, तेवढाच काय तो फरक पडला.

शेवटी मीच त्याला आळेफाट्यावरून एसटीनं पुण्याला नेलं. पेटी आमच्या दोघांच्या मांडीवर. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे हात तपासले, लिहायला लावलं, बटणं लावायला लावली आणि मग म्हणाल्या, "आता वाजवा." संपतनं दवाखान्यात पेटी उघडली. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले, एका आजोबांनी टाळ्यांचा ठेका धरला. बाईंनी मात्र फक्त बोटांकडे पाहिलं.

"हात ठणठणीत आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "मेंदूत एकेका बोटाची वेगवेगळी जागा असते. वर्षानुवर्षं एकच बारीक काम केलं की कुणाकुणाच्या शेजारशेजारच्या जागा एकमेकींत मिसळतात. मग एका बोटाला सांगायला जावं तर दुसरंही हलतं. वाजवणाऱ्यांना होतं हे. याला डिस्टोनिया म्हणतात."

"म्हंजी मधला बांध मोडला," संपत म्हणाला.

बाई हसल्या. "तसंच समजा. बांध हळूहळू घालावा लागेल. आधी काही महिने पेटी बंद. मग अगदी सावकाश, एकेक बोट. पूर्वीसारखं होईलच असं मी सांगत नाही. आणि एक, बोटांना लागणारा स्पर्श बदलला की काहींना तेवढ्यापुरतं बरं पडतं. करून बघा."

एसटीत संपत एकदम खूश होता. बरं होणार म्हणून नव्हे. आपण ढोंगी नाही आणि वेडेही नाही, असं कुणीतरी शिकल्या माणसानं सांगितलं म्हणून. राजगुरुनगरला त्यानं मला दोनदा चहा पाजला.

घरी येऊन त्यानं ठकूबाईचा लोकरी हातमोजा घालून पाहिला. एका बोटाखाली दोन-दोन पट्ट्या दाबल्या जायला लागल्या आणि गाईसुद्धा माना वळवून बघायला लागल्या. मोजा गेला खुंटीला. स्पर्शाचं बोलणं तिथंच विसरलं.

पेटी बंद झाली तसे सोमाजीबुवाही मिटले. "संपत न्हाई तर मी न्हाई," म्हणाले. आम्ही समजूत घालून पाहिली, पण बुवांचं एकच, "दुसऱ्याच्या सुरात माझा जीव गुदमरतो." संपतला हे कळलं तेव्हा तो गोठ्यात जाऊन बसला. माझ्यासमोर पहिल्यांदाच रडला. "सावळ्या, माझी बोटं गेली तर जाऊ दे रं. पर म्हाताऱ्याचा गळा कशापायी बंद पडावा?"  मी त्याच्या गाईंना वैरण टाकली आणि घरी आलो.

दुसऱ्या वर्षी गावचा हरिनाम सप्ताह आला. पेटीला कोण, हा प्रश्न माणिकचंदशेठनी सोडवला. शेठ म्हणजे बेल्ह्याचे कापडवाले. घराणं मूळ राजस्थानातलं, धर्मानं जैन, पण भजनाचा नाद आमच्याहून मोठा. मंडळाची उपरणी त्यांच्याच दुकानातली. त्यांनी नवा कॅसिओ आणला होता. त्यात एक बटण दाबलं की ठेका आपोआप वाजायचा, त्यामुळे मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. शेवटच्या दिवशी काल्याच्या आधी भजन होतं. कसेबसे हातापाया पडून बुवांना आणलं होतं. संपत मागे टाळ घेऊन बसला होता, वरातीत चुकून आलेल्या माणसासारखा.

मी सूर लावायला पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकत होतो. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठं तो घुमतो. माझे हात गुंतलेले. मी संपतवर ओरडलो, "बसून काय राह्यलास? परात घे, कणीक मळ." शिध्याचं पीठ समोरच होतं, घरोघरून पसा पसा आलेलं. संपत मुकाट्यानं मळायला लागला.

तेवढ्यात लाईट गेली. कॅसिओ गप्प. शेठ म्हणाले, "काळजी नको, सेल घातलेत." झाकण उघडलं तर आत सेल नव्हते. ते मोहनबाईंनी, म्हणजे शेठच्या मंडळींनी, बॅटरीत घातले होते. शेठ घामाघूम. बुवा डोळे मिटून बसलेले. त्यांनी डोळे न उघडताच हाक मारली, "संपत, सूर दे."

हाकेला नाही म्हणायची संपतची प्राज्ञा नव्हती. पिठाचे हात धोतराला पुसले न पुसले आणि त्यानं कोपऱ्यातली मंडळाची जुनी पेटी पुढं ओढली. बोटांवर कणकेचा पातळ थर वाळला होता. पट्ट्यांना हात लागला आणि करंगळी सरळ राहिली. शेजारचंही सरळ. संपत बोटांकडे असा बघत होता की भाता मारायचंच विसरला. बुवा खेकसले, "अरं, दे की!"

त्या दिवशी बुवा असे गायले की कीर्तनकार महाराज मांडवाच्या दारात थांबून राहिले.

आता गावाला चमत्कार मिळाला! सप्ताहाच्या पिठानं संपतची बोटं सोडवली. उरलेलं पीठ एका डब्यात भरून, डब्याला हळदकुंकू लावून संपतच्या देव्हाऱ्यात ठेवलं गेलं. दर भजनाला त्यातलं चिमूटभर तो पाण्यात कालवी, बोटांना लावी, वाळवी आणि वाजवी. त्याच्या जोडीनं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सकाळी सावकाश एकेक बोटही फिरवी. करंगळी मधूनमधून रुसायची, पण काम चालायचं. मी सतरांदा सांगितलं की ते पीठ माझ्याच गिरणीत दळलंय, त्यात देवाचा हात असेल तर गिरणीचा पट्टा माझा आहे. कुणी ऐकलं नाही.

माघात गणेश जन्माला लेण्याद्रीच्या पायथ्याशी आम्हाला भजनाची संधी मिळाली. आम्ही वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या भाड्याच्या, जीपनं गेलो. सामान उतरवलं, जीप जुन्नरकडे निघून गेली आणि संपत पांढराफटक पडला. डबा जीपमध्येच राहिला होता.

"मी बसत न्हाई," तो म्हणाला.

"अरे, माझी कणीक आहे की!" मी परात पुढं केली.

"त्ये सप्त्याचं पीठ न्हाई. आन बोटं वळली तर एवढ्या लोकांत बुवांची फजिती व्हईल."

बुवा लांब बाकड्यावर बसले होते, कोवळं ऊन खात. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शेठकडे कॅसिओ होता, या वेळी सेलही होते. पण त्यांनी पिशवीची चेन उघडली नाही. "संपतभाऊ, मी बसलो तर बुवा गाणार नाहीत," ते म्हणाले. "मी टाळ घेतो. तुम्हीच बसा."

बायकांची जीप मागून आली. ठकूबाई उतरल्या, काय झालं म्हणून विचारलं. डब्याचं ऐकल्यावर त्या पदरात तोंड लपवून हसायला लागल्या.

"त्या डब्यातलं पीठ? अवं, त्ये आखाडातच जाळं धरून गेलं व्हतं. गाईच्या आंबोणात घातलं म्या. तवापासून चपातीचंच पीठ भरतीय."

 संपतनं डोळे बारीक केले. "आखाडापासून?"

"मग! दसऱ्याला वाजवलं, दिवाळीला वाजवलं, ते समदं चपातीच्या पिठावर."

"आन मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं आसतं तर बोटं पुन्यांदा रुसली आसती. चांगलं वाजवत व्हता, मला गोठ्यातून ऐकू येत व्हतं."

गाईंच्या दुधावरून चेष्टा करणारी ही बाई रोज कान लावून ऐकत होती, हे संपतला तेव्हा कळलं. तो आपल्या बोटांकडे बघत उभा राहिला. "स्पर्श बदलून बघा," असं पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की, तो पुटपुटला. मग डोळे पुसले, माझ्याजवळ आला आणि उकिडवा बसला.

"सावळ्या, कणीक दे."

एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी परात सरकवली. त्यानं मळली, बोटं उन्हात धरून वाळवली आणि पेटीवर बसला. करंगळी एकदा थरथरली आणि सरळ झाली. बुवांनी आवाज लावला. दुसऱ्या अभंगाला बुवांचा सूर वर जाऊन चिरकला, आणि तिसऱ्याला संपतनं गुपचूप काळी दोन धरली. मी डोळे वटारून हातोडी उचलली. संपत वर बघायला लागला. तिथं छत नव्हतं, नुसता लेण्यांचा डोंगर होता. 

तेव्हापासून पखवाजाची कणीक संपतच मळतो. बुवा अजून गातात आणि मी अजून मध्येच पखवाज उतरवतो. "तुमाला काय राव, बडवायचं काम," हेही तो अजून म्हणतो, फक्त आता दोन्ही हात माझ्या परातीत बुडवून.