मारोतीकाकांना दिसलेला आकडा

मारोतीकाकांविषयी लिहायचं तर आधी माझ्याविषयी लिहावं लागतं, आणि ते मला जड जातं.

नवं राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं, तशी गुढियारीतली आमची छापखान्यांची गल्ली उसंत न घेता चालू लागली. ज्याला त्याला नवे लेटरहेड, नवे फॉर्म हवे होते; जुन्यांवर 'मध्य प्रदेश' छापलेलं. त्या धांदलीत मला कॉम्प्युटरवर बसायची नोकरी मिळाली. मी चेतना, रेल्वेतल्या खलाशाची, म्हणजे मदतनीस मजुराची मुलगी, सहा महिन्यांचा कोर्स केलेली आणि त्याचा नको तेवढा तोरा असलेली.

मारोती गजभिये तिथे एकोणीस वर्षं होते. सगळे त्यांना रंगाचा माणूस म्हणत. गिऱ्हाइकाने साडीचा तुकडा आणून असाच हिरवा हवा म्हटलं, की काका त्याच्यापुढे शेडकार्ड ठेवत. शेडकार्ड म्हणजे छापील चौकोनांचा तक्ता, प्रत्येक रंगाखाली शाईचे टक्के लिहिलेले. "बोट तुमीच ठेवा, मंग मले बोल नको," असं ते हसून म्हणत. बोट पडे तिथले टक्के ते मला घालायला सांगत आणि छापून आलेला रंग हुबेहूब असे. आमच्या जुन्या मॉनिटरवर तर माणसं कावीळ झाल्यासारखी दिसायची; त्याच्याकडे बघून कुणीच रंग ठरवत नव्हतं. काकांचा आकडा निघाला की विषय संपला.

मला मात्र त्यांचा राग यायचा. मी स्क्रीनवर काही सुंदर जुळवलं की ते मागून येत. "पोट्टी, डब्यावर काहून भरोसा ठेवून राहिली? आकडा पाह्य." आणि सगळं बदलायला लावत. शिकलेली मी, आणि ऐकायचं यांचं.

मग सेठजींनी सतरा इंचांचा नवा मॉनिटर आणला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आता तो बसवायचा म्हणजे त्याचे रंग छपाईशी जुळवायचे. पद्धत साधी होती: मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, खिडकीला पडदा लावायचा, आपणच छापलेला एखादा कागद स्क्रीनशेजारी धरायचा आणि तेच चित्र स्क्रीनवर उघडून लाल, हिरवा, निळा कमीजास्त करत दोन्ही एकसारखे दिसेपर्यंत बटणं दाबायची. मी बाह्या सावरून बसले होते. तेवढ्यात सेठजी म्हणाले, "नहीं, मारोती भैया की नज़र से सेट होगा."

काका टाळू लागले. आधी म्हणाले, डोळे आले आहेत. मग म्हणाले, ट्यूबलाइटचा उजेड बरोबर नाही. शेवटी बसले. धानाच्या शेताचं कॅलेंडर त्यांनी शेजारी धरलं आणि बराच वेळ बटणं दाबत राहिले. "आता कसं वाटते तुले?" असं मला दोनदा विचारलं. मी मुद्दाम गप्प राहिले. ते उठले तेव्हा स्क्रीनवरचं शेत विटकरी झालं होतं.

छपाईचं मशीन चालवणारा आमचा मशीनवाला फिस्सकन हसला. मी हसले नाही, कारण मला कळलं होतं. माझा भाऊ प्रशिक रेल्वेच्या मेडिकलची तयारी करत होता आणि त्याच्यासाठी रंगीत ठिपक्यांची चित्रं मीच छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवली होती. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याला तो वेगळाच दिसतो.

मी तिथेच थांबायला हवं होतं. काकांना बाजूला घेऊन, तुम्ही राहू द्या, मी जुळवते, एवढंच म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी स्क्रीनचे रंग पूर्ववत केले, ठिपक्यांचं एक चित्र स्क्रीनभर उघडलं आणि सेठजींसमोर, मशीनवाल्यासमोर, अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, इथं कोणता आकडा दिसून राहिला?"

"एकवीस," ते म्हणाले.

बाकी सगळ्यांना चौऱ्याहत्तर दिसत होता. मशीनवाल्याने तो मोठ्याने वाचलाही. काकांनी सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्यांचा हात खिशात चष्मा शोधू लागला. चष्मा डोळ्यांवरच होता.

त्यांना कुणी काढून टाकलं नाही. सोमवारपासून ते मागच्या खोलीत बाइंडिंगला बसू लागले आणि नव्या मॉनिटरपुढे मी. गिऱ्हाइकं आता माझ्या पाठीशी उभं राहून रंग ठरवत. घरी मी हे फुशारकीने सांगितलं, तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले. त्यांनी सांगितलं, मारोतीचे वडील रेल्वेत नोकरीवर असताना वारले होते. त्यांच्या जागी मारोती लागणार होता. मेडिकलमध्ये डोळ्यांवरून अडला आणि 'मला रेल्वे आवडत नाही' असं जन्मभर सगळ्यांना सांगत राहिला. "तुले सगळ्यायपुढं इचाराची काय गरज होती?" बाबांनी विचारलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा उमगलं की एकोणीस वर्षांत त्या माणसाचा एकही रंग चुकला नव्हता. न दिसणाऱ्या गोष्टीत तो कुणापेक्षाही पक्का झाला होता, आणि मी त्याला दोन मिनिटांत उघडा पाडला.

माफी मागायला मला एप्रिल उजाडला. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या निळ्या पताकांचं काम आलं होतं. निळ्याचे टक्के विचारायचं निमित्त करून मी मागे गेले. काका फॉर्मच्या थप्प्या बांधत होते.

"मले काहून इचारते? तुह्यासमोर दिसते ना," ते म्हणाले.

"काका, माझं चुकलं."

त्यांनी सुतळीची गाठ मारली. मग दाराकडे बघत आवाज खाली आणला. "एक सांग. आपल्या झेंड्याचा निळा मले दिसते, तो बरोबर आहे का? का तो बी जलमभर भलताच पाहून राहिलो मी?"

प्रशिकच्या पुस्तकात मी वाचलं होतं. या दोषात लाल आणि हिरवा बिघडतो, निळ्याला धक्का लागत नाही. "बरोबर आहे काका. सगळ्यायले दिसते तसाच तुमाले दिसते."

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "खरं सांगून राहिली, का दया करून राहिली?"

"खरं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुढची थप्पी ओढली. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.