मामांच्या सायकलची डावी स्प्रिंग

माझ्या सासऱ्यांची सायकल वयाने त्यांच्याहूनही थोडी मोठी आहे. पुढच्या चाकाच्या चिमट्याला, हँडलच्या खाली, डावी-उजवीकडे एकेक स्प्रिंग. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि धक्का हातापर्यंत येत नाही. स्प्रिंगच्या डोक्यावर नट असतो. तो आवळला की सायकल कडक, सोडला की नरम. त्या नटांना हात लावायचा अधिकार घरात एकट्या मामांना. सासऱ्यांना मी मामाच म्हणते.

माझे वडील घाटनांदूरला सायकली दुरुस्त करायचे. लग्नाआधी त्यांच्या शेजारी बसून मी कितीतरी चाकं सरळ केली. पण बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं गेलं, मुलीला शिवण येतं. मला आजही बटण धड लावता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाहुणे जेवायला बसले होते तेव्हा मामा म्हणाले, "बायकांना पाना कोनता आन् पक्कड कोनती, ह्ये बी कळत न्हाई." मी भाकरी वाढत होते. वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा लिंबाखाली आडवे झाले आणि मी दोन्ही नट दोन-दोन फेरे आवळले. पुढच्या सकाळी हँडलला दुधाचे कॅन अडकवून ते सिरसाळ्याला डेअरीवर गेले, ते परत आले मनगट चोळत.

"रस्ता लई खराब झालाय. उसाच्या ट्रॅक्टरांनी पार वाट लावली."

त्या दुपारी मी नट सैल सोडले. आता ब्रेक मारला की सायकल पुढून वाकायला लागली. डेअरीवर कुणीतरी म्हणालं म्हणे, "मामा, आज लई नमस्कार करत आलाव?" मामा भडकले. उद्या मिस्त्रीला दाखवतो म्हणाले. म्हणून मी पहाटेच उठून सगळं होतं तसं करून ठेवलं.

मिस्त्रीनं सायकल उलटीपालटी करून बघितली. "मामा, सायकल चांगली हाय. तुमी एकदा डोळे दाखवून घ्या."

हे मात्र त्यांना फार लागलं. घरी आल्यावर त्यांनी तंबाखूच्या डबीतला चुना काढला आणि दोन्ही नटांवर बारीक रेघ ओढली. मला काय माहीत! दुपारी नट फिरवला आणि बोटाला पांढरं लागलं. संध्याकाळी अंगणातून आवाज आला, "सगळ्यांनी हात दाखवा!" मी पटकन परातीतल्या ज्वारीच्या पिठात मनगटापर्यंत हात घातले. मामांनी माझे पांढरे हात बघितले आणि डबी खिशात टाकली.

दुसऱ्या दुपारी पाना लावला आणि मागून शब्द आले, "डावा नट अर्धा फेरा जास्त झाला बघ."

मामा बाजेवर उठून बसले होते. चोरी पकडली गेली होती, तरी मला राहवलं नाही. "जास्त न्हाई, मामा. डावी स्प्रिंग दबून गेलीय. तिला अर्धा फेरा जास्तच लागतो. म्हणून तर तुमची सायकल डावीकडं ओढते."

"तुला कसं म्हाईत, डावीकडं ओढते?"

"तुमच्या चपला बघून. डावीच आधी झिजते. पडू नये म्हणून तुमी तोच पाय खाली घासता."

त्यांनी डावी चप्पल उलटून बघितली. मग सायकल काढली आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आले. येताना एक हात मोकळा सोडला होता. शाबास वगैरे काही नाही. आत डोकावून सासूबाईंना म्हणाले, "हिला चहा कर."

सासूबाई चहा घेऊन आल्या. माझ्या शेजारी बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की कप कलंडला.

"मला पैल्या दिवशीच दिसलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, चालू दे."

आता दर रविवारी नट मीच बघते. मामा शेजारी उभे राहून मोबाईलची बॅटरी दाखवतात, भर उन्हात.