आत्याने ठेवलेलं नाव
घुगऱ्या शिजल्याचा वास आला की मला लंडनजवळच्या वॉटफर्डमधलं लेकीचं बारसं आठवतं. नणंदेला व्हिसा मिळाला नव्हता, म्हणून शेजारच्या इटालियन बाईंनाच आत्या केलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं, एवढं त्यांना समजावलं. कोणतं, ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकाला वाटलं. त्या पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात कुजबुजल्या आणि मग खणखणीत आवाजात स्वतःचंच नाव म्हणाल्या, "आल्बा." त्यांच्याकडे मुलीला घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं नाव देतात म्हणे. बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटेही घातले. मी धास्तीने फोनकडे बघितलं. नागपूरहून सासूबाई स्पीकरवर ऐकत होत्या आणि परकं नाव त्यांना चालणार नव्हतं. "आत्या बोलली ते बोलली," त्या म्हणाल्या, "अर्थ तरी विचार." बाई पाठ चोळत म्हणाल्या, "पहाट. मूळ लॅटिन शब्द पांढऱ्या रंगाचा, त्यावरून उजाडणं." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपली उषाच की. दे झोका." आम्ही निवडून ठेवलेलं नाव पुन्हा कुणी काढलंच नाही. लेक आता आल्बा आणि उषा, दोन्ही नावांना ओ देते आणि घुगऱ्यांचा पहिला वाडगा अजून शेजारी, आत्याकडे जातो.