घर बंद

जिन्याखालून वळून गेलं की शाळेची प्रयोगशाळा लागायची. तिथं मावशी सव्वीस वर्षं काचेची भांडी धूत होत्या. हुद्दा परिचराचा, पण मुलींनी नाव ठेवलं होतं फुगेवाल्या मावशी. श्वसनाचा धडा आला की बाटलीत कोमट पाणी, त्यात साखर, वर चमचाभर यीस्ट आणि बाटलीच्या तोंडाला फुगा, ही सगळी मांडामांड त्यांची. थोड्या वेळानं फुगा आपला आपण मान वर काढायला लागायचा, मुली टाळ्या पिटायच्या, आणि मावशी मागच्या स्टुलावर बसून अशा हसायच्या, जणू त्यांचंच बाळ पहिल्यांदा उभं राहिलंय.

धडा ऐकून ऐकून पाठ झाला होता. "श्वसन म्हणजे नुसतं नाकानं हवा घेणं नव्हे," विज्ञानाच्या बाई दरवर्षी सांगायच्या. "खरं श्वसन पेशीत चालतं. तिथं साखर जळते, पण भडका नाही की धूर नाही. पायरीपायरीनं, सावकाश. त्यातून जी शक्ती निघते तिच्यावर आपण चालतो, बोलतो, झोपेतसुद्धा जगतो." हे जळण्याचं काम जिथं चालतं त्या पेशीतल्या बारक्या कणांना तंतुकणिका म्हणतात. मुली त्या शब्दावर हमखास अडखळायच्या. मावशी अडखळत नसत, पण मनातल्या मनात त्या त्यांना चुलीच म्हणत.

खिडकीशी उभं राहून परीक्षानळ्या विसळताना त्यांना कधीकधी सगळीकडे त्या चुलीच दिसायच्या. कुंडीतल्या रोपात, भिंतीवरून चालणाऱ्या मांजरात, खडू धरलेल्या बाईंच्या बोटांत. लुकलुक लुकलुक, पिवळसर, न मोजता येण्याइतक्या. देवानं एवढ्या पेटवल्या आणि एकीचाही धूर कुणाच्या डोळ्यांत गेला नाही, असं मनात येऊन त्यांचे ओले हात आपोआप जुळायचे. मग नळी निसटायची, आणि बाई म्हणायच्या, "मावशी, परत हरवलात का?"

घरात मात्र या चुली मंदावत चालल्या होत्या.

मावशींचे यजमान टपालवाले. तेहेतीस वर्षं गावभर पत्रं वाटली, पायाला भिंगरी लावल्यासारखी. दार बंद असलं की सरळ शेरा मारून पत्र परत न्यायचे नाहीत. आज जातील, उद्या जातील, परवा पुन्हा जातील, हाका मारतील. तिसऱ्या खेपेलाही कुणी आलं नाही तरच लाल पेन्सिलीनं पाकिटावर लिहायचे, 'घर बंद'. त्या दिवशी जेवताना तोंड उतरलेलं असायचं. हा शेरा पुढं संसारातही आला. मावशी रुसून गप्प बसल्या की हे म्हणायचे, "आज घर बंद आहे वाटतं. उद्या परत येतो."

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि या माणसाला काय झालं कळेना. खाणं दुप्पट, तहान अशी की तांब्या खाली ठेवायला सवड नाही, आणि अंग दिवसेंदिवस वाळत चाललेलं. सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा खांद्यांवर लोंबायचा. चार पायऱ्या चढले की पाचवीवर बसायचे. "अगं, एवढं खातो, ते जातं कुठं?" असं विचारायचे आणि स्वतःच हसायचे.

मग मोरीत मुंग्या लागल्या. मावशींनी पाणी ओतलं, झाडून काढल्या. दुसऱ्या दिवशी रांग हजर. तिसऱ्या दिवशी मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी यजमानांना दवाखान्यात नेलं.

साखर. गोळ्या देऊन झाल्या, पथ्य झालं, वजन उतरायचं थांबेना. बुधवारी डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला. "आता इन्सुलिनची सुई. परवा, शुक्रवारी सकाळी सुरू करायचीच. यांचं शरीर स्वतःचंच मांस आणि चरबी जाळायला लागलंय. जळण संपलं म्हणून खाटेचे पाय चुलीत घालावेत तसं. आणखी थांबलात तर जिवावर बेतेल."

टपालवाल्यांनी दवाखान्याच्या पायरीवरच जाहीर केलं, "मी सुई घेणार नाही."

"अहो, पण का?"

"माझ्या थोरल्या दादाला सुई लावली होती. महिन्यात गेला. सुई ही शेवटची पायरी असते."

"तुम्हाला पाचवी पायरी चढवत नाही, शेवटचीच्या गोष्टी कसल्या करता?" मावशी चिडून म्हणाल्या. पण घरी आल्यावर देवापुढं बसल्या तेव्हा शब्दच सुचेनात. सुई घ्या म्हणून या माणसाला कुठल्या भाषेत सांगावं, एवढंच मागावंसं वाटत होतं.

गुरुवारी नेमका श्वसनाचा धडा. मावशींनी बाटली मांडली, फुगा लावला, स्टुलावर बसल्या. डोळ्यांसमोर तो लोंबणारा सदरा. बराच वेळ झाला, फुगा आपला मान टाकून पडलेला.

"मावशी, आज फुगा रुसलाय," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्ग खिदळला.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "साखर आहे. यीस्ट कालच आणलंय. मग अडलं कुठं?"

मावशींनी बाटलीला हात लावला आणि जीभ चावली. पाणी गार! तंद्रीत त्यांनी नळाखालीच बाटली धरली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"चुकलं माझं, बाई. पाणी तापवायचं राहिलं."

"असू दे, आयताच धडा झाला," बाई मुलींकडे वळल्या. "बघा गं, साखरेच्या पाण्यात बुडालंय यीस्ट, तरी उपाशी. नुसतं भोवती असून भागत नाही. आत जाऊन कामी लागलं पाहिजे."

मावशी बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवत होत्या, त्यांचा हात थबकला. तास संपल्यावर त्यांनी बाईंना दारातच गाठलं. "बाई, माणसाचंही असं होतं का? साखर भोवती, आणि आतला जीव उपाशी?"

बाईंना घरची हकिगत ठाऊक होती. त्या वह्या खाली ठेवून बोलल्या. "होतं ना. कारण वेगळं, पण होतं. पेशीला दार असतं असं समजा. इन्सुलिन येऊन दार वाजवतं, मग पेशी साखर आत घेते. ते नसलं तर साखर रक्तातून दारोदार फिरते, आणि शेवटी लघवीवाटे बाहेर."

दारोदार. मावशी तो शब्द पुटपुटत राहिल्या. पातेल्यातल्या फुग्यानं तेवढ्यात हळूच मान वर केली.

"ही बाटली आजच्या दिवस घरी नेऊ?"

"न्या की. पण हे काय, रडताय का हसताय?"

दुपारच्या उन्हात मावशी निघाल्या. टॉवेलात गुंडाळलेली बाटली पिशवीत, आणि पिशवीतून डोकं काढून लाल फुगा रस्ता बघतोय. बाटलीची ऊब कमरेला लागत होती, कडेवरच्या लेकरासारखी. समोरून येणारी माणसं त्यांना आज माणसं वाटेनात, चालते-बोलते गावच वाटले. एकेका माणसात केवढी वस्ती, किती गल्ल्या, किती दारं! शिंप्याच्या मशीनवरच्या पायात, ओझं उचलणाऱ्याच्या पाठीत, दारात पेंगणाऱ्या म्हातारीच्या पापणीत, सगळीकडे कुणीतरी आत बसून चूल फुंकतंय. रस्ता कधी संपला ते कळलंच नाही.

टपालवाले खिडकीशी खुर्चीत होते. "हे काय? वाढदिवस कुणाचा?"

"तुमचा. ऐकलंत तर." मावशींनी बाटली टेबलावर ठेवली आणि समोर बसल्या. "तुम्ही विचारता ना, खाल्लेलं जातं कुठं? टपाल आहे ते. रोज वेळेवर येतं, पोत्यानं येतं. पण घरं बंद आहेत."

"कुणाची?"

"तुमची. अंगातली. पेशी म्हणतात त्यांना. आत माणसं उपाशी आहेत, पण दार वाजवणाराच आला नाही, तर ती उघडणार कशी?"

टपालवाल्यांनी मान तिरकी केली. पत्त्यातलं अक्षर लागेना की करायचे तशी. "किती घरं आहेत?"

"कोटी कोटी. वाटायला निघालात तर निवृत्ती रद्द करावी लागेल."

"आणि सगळी बंद?"

"बरीचशी."

"मग न वाटलेलं टपाल?"

"मोरीत. मुंग्या वाचतायत."

ते खो खो हसले, हसता हसता दमले. फुगा टेबलावर मंद डुलत होता. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "दादाचीही घरं बंदच होती?"

"हो. सुईनं नाही गेले ते. दार वाजवणारा पोचला, तोवर आत कुणी उरलं नव्हतं. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हाच उशीर झाला होता. तुम्हीच सांगता ना, शुद्ध नव्हती म्हणून."

टपालवाले बाटलीवर तळवा टेकवून बसले. ऊब अजून होती.

"मी तीनदा जायचो," ते पुटपुटले. "परक्याच्या दारी तीन तीनदा. आणि इथं एकदाही हाक न मारता शेरा मारून मोकळा झालो."

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मावशींना सुई धरायला शिकवली. मावशींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, तशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवा हो!" टपालवाल्यांनी पोटावरचा सदरा वर केला आणि म्हणाले, "पत्ता बरोबर आहे ना? मग वाजव दार."

दारं काही एका दिवसात उघडली नाहीत. मात्रा कमी-जास्त होत राहिली, एकदा साखर फार खाली जाऊन हातपाय थरथरले, दोघंही घाबरली. फुगा केव्हाच सुरकुतला, पण टपालवाले तो टेबलावरून हलवू देईनात. दुसऱ्या महिन्यात सदरा खांद्यांवर जरा बसायला लागला. एके दिवशी ते सहावी पायरी चढून गेले आणि वर जाऊन आठवलं, की पाचवीवर बसायचं राहिलं.

त्याच आठवड्यात सकाळी मोरीतून त्यांची हाक आली. मावशी धावल्या. फरशी स्वच्छ कोरडी. कोपऱ्यात एकच मुंगी, इकडे वळ, तिकडे वळ, करत होती.

टपालवाले वाकून बघत होते. "तिसरी खेप आहे बिचारीची," ते म्हणाले. "तिला सांग, आता इथं काही येत नाही. सगळं घरपोच होतं."