कोल्ह्यासाठी लहान गोळी

सौदी अरेबियातल्या हाइल शहराबाहेर, गव्हाच्या गोल शेतांच्या पलीकडे, शेळ्या-कोंबड्यांची एक वाडी आहे. हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी तिथे जाणं हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम होता. पत्नी इस्पितळात डॉक्टर. तिच्या वॉर्डातली एक नर्स रायगडच्या किनाऱ्यावरची, आणि त्या नर्सचा नवरा या वाडीचा कारभारी. वाडी त्याच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर त्याचा इकामा, राहण्याचा परवाना, होता त्या म्हाताऱ्या सौदी मालकाची. मी वर्तमानपत्राची नोकरी सोडून पत्नीबरोबर आलो होतो. वेळ भरपूर होता आणि लोकांचं ऐकून घ्यायची सवय जुनी होती.

त्या हिवाळ्यात वाडीवर बोलायला एकच विषय होता: कोल्हा. जाणकार त्याला खोकड म्हणतील. लालसर, मोठ्या कानांचं, शेपटीचं टोक पांढरं. कारभाऱ्याच्या लेखी तो कोल्हाच. आधी कोंबड्या गेल्या, मग नुकतंच जन्मलेलं एक करडू. कफील आला, कुंपणाजवळची पिसं त्याने पाहिली आणि निर्णय सांगितला: हे थांबलं नाही तर जनावरं विकायची आणि कारभाऱ्याने जिझानच्या गोदामात जायचं. जिझान देशाच्या दुसऱ्या टोकाला. बायकोची नोकरी हाइलमध्ये.

"फॅमिली व्हिसासाठी इतकी वर्षं थांबलो," कारभारी म्हणाला, "आणि आता कोल्हा आमची ताटातूट करणार."

"ताटातूट तुमची," बायको म्हणाली. "कोल्हा इकडंच ऱ्हाणार हाय. सोबत होईल मला."

कोल्ह्याच्या बंदोबस्ताला कफीलने पुतण्याला पाठवलं. पुतण्या बँकेत नोकरीला, वागायला अतिशय सभ्य. त्याच्याकडे पॉइंट टू-टू रायफल होती, वर दुर्बीण बसवलेली. येताना आमच्यासाठी खजुराचा डबाही आणला. लाकडाच्या विस्तवावर कहवा उकळत होता, त्याभोवती चर्चा सुरू झाली. थोडी अरबी, थोडी इंग्रजी, आमच्या बाजूने मराठी.

पुतण्याचं म्हणणं साधं होतं. मोठी बंदूक डोंगरापर्यंत ऐकू जाते, शेळ्या बिथरतात, गोळी लांब जाऊन कुणाला लागू शकते. लहान गोळी सुरक्षित. आणि लहान गोळीने जनावराला त्रासही कमी.

"त्रास कमी, हे कुणी सांगितलं?" माझ्या पत्नीने विचारलं. "भोक लहान पडतं एवढंच. नेमक्या जागी बसली तर ठीक. पोटात बसली तर जनावर दोन दिवस मरत राहतं."

"डॉक्टर, मी पोटात मारत नाही," पुतण्या हसून म्हणाला.

"पण परवाना आहे ना?" मी विचारलं.

"बंदुकीचा आहे."

"आणि कोल्ह्याचा?"

यावर त्याने मला आणखी एक खजूर दिला.

वाडीवर शुक्रवारी नमाजानंतर गिऱ्हाइकं येत, बकरा निवडत आणि तिथेच कापून नेत. सुरी कारभाऱ्याच्या हातची. सुरीला धार हवी, ती जनावरासमोर लावायची नाही, एकाला दुसऱ्यासमोर कापायचं नाही. हे नियम तो कुणी बघत नसतानाही पाळायचा. तो पुतण्याला अरबीत म्हणाला, "जवळून मारा. लांबून मारलंत तर ही बंदूक म्हणजे बोथट सुरी."

"या सदीक," पुतण्या म्हणाला, "मित्रा, तो कोल्हा आहे, बकरा नाही. त्याला कोण खाणार?"

"खायचा नसला तर धार नको?"

उत्तर मिळायच्या आत कोल्हा आला. ऊन उतरलं होतं. तो कुंपणाच्या कडेने चालला होता, घाई न करता, रोजच्या वाटेने जावं तसा. पुतण्याने गाडीच्या बॉनेटवर रायफल टेकवली. काडी मोडावी एवढाच आवाज झाला. कोल्हा जागेवर गर्रकन फिरला, स्वतःच्याच मागच्या अंगाला चावला आणि तीन पायांवर भिंतीआड गेला.

"खलास!" पुतण्या म्हणाला.

"खलास कुठं, चालला तो," कारभाऱ्याची बायको म्हणाली.

अंधार पडला. शोध सकाळवर गेला. शनिवारी सुट्टी होती; पुतण्याला यावं लागेल असं कारभाऱ्याने फोनवर सांगितलं, आणि तो आला, थोडा नाराज होऊन. रक्ताचे ठिपके वाळूत स्पष्ट होते. ते भिंतीला वळसा घालून मागच्या खोलगट भागात उतरत होते. तिथे कोल्हा पडलेला होता, जिवंत. आम्हाला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला. मागचा भाग उठला नाही.

त्याच्या चारी बाजूंना आतडी, खूर आणि चामड्याचे तुकडे होते. कोंबड्यांच्या पिसांपेक्षा हाडं किती तरी जास्त. आपली माणसं वजडी मागून नेतात; बाकी गिऱ्हाइकं टाकून जातात. ते सगळं कारभारी शुक्रवारी संध्याकाळी भिंतीवरून इकडे फेकायचा. वाडीवर घाण राहू नये म्हणून. सोपं पडायचं म्हणून.

पुतण्याने रायफल कारभाऱ्यापुढे धरली. कारभाऱ्याने हात मागे घेतले. "मी परदेशी माणूस. आणि सुरुवात तुमची." पुतण्या दोन पावलं पुढे गेला, मग आणखी दोन. या वेळी दुर्बीण लागली नाही. गोळी डोक्यात बसली आणि कोल्हा शांत झाला. पुतण्याने फोटो काढला नाही.

मग कारभाऱ्याच्या बायकोने आतड्यांकडे बोट दाखवलं. "ताट तुम्हीच वाढत होतात की."

पुतण्याला मराठी येत नव्हती, पण ते बोट त्याला समजलं. त्याने व्यवहारी तोडगा काढला: "काकांना सांगतो, कोल्हा मेला. काम झालं. तू इथेच राहशील. हे कशाला सांगायचं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. दोघांना जिझान दिसत असणार.

"पुढच्या महिन्यात दुसरा येईल," कारभारी म्हणाला. "मग त्यालापण गोळी?"

त्याने तिथेच फोन लावला. स्पीकर चालू होता. म्हाताऱ्याला मोठ्याने बोलावं लागे. कारभाऱ्याने काही वगळलं नाही: फेकलेली आतडी, लांबून झाडलेली गोळी, रात्रभर पडलेलं जनावर.

"किती दिवस त्याला जेवायला घालतोयस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"वाडी माझ्याकडे सोपवलीत तेव्हापासून."

"आणि जेवायला घालून गोळी घातली," म्हातारा म्हणाला. "बंदूक गाडीत ठेवायला सांग त्याला. तुला फावडं आहे?"

"आहे."

"मग खोल खड्डा खण. सगळं त्यात, वर चुना. दर शुक्रवारी."

कारभाऱ्याने विचारलं, "आणि जिझान?"

"जिझानमध्ये खड्डे खणायला माझ्याकडे माणसं आहेत," म्हातारा म्हणाला. "वाडीवर कुणी नाही." फोन बंद झाला.

कारभारी फोनकडे बघत राहिला. बायकोने त्याच्या हातून तो काढून घेतला आणि फावडं दिलं. पुतण्या आपली पांढरी बाही वर सरकवत म्हणाला, "यल्ला, चला, कुठे खणायचं?"