घमेल्याएवढा रोडगा

पेशी लहान का राहतात, हे मी लाखांदूर तालुक्यातल्या एका शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. मुलांना ते परीक्षेपुरतं कळायचं. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना तेवढंही कळलं नाही, आणि त्यापायी शाळेचा आहार शिजवणाऱ्या मावशींची नोकरी जाणार होती.

नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. आत एकच सूक्ष्मदर्शक, त्याचंही भिंग हरवलेलं. कापायची फीत मात्र बारा हात. जेवण रोडग्यांचं ठरलं. कणकेचे थराथरांचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून वर तूप, सोबत वांग्याची भाजी. रोडगा मुठीएवढा असतो. अध्यक्षांना घमेल्याएवढा हवा होता. पाहुणे तो सुरीनं कापतील, फोटो निघेल.

"साहेब, मधात कच्चा राहीन," मावशी म्हणाल्या.

"जास्त वेळ ठेवजो. अन् बिघडला तर उद्यापासून शाळेत येजो नोको."

मी मध्ये पडलो; शिक्षकाची खोड. म्हटलं, गोळ्याची रुंदी दुप्पट केली की साल चौपट होते, पोट मात्र आठपट. आच जाणार सालीतूनच. पेशीचंही असंच. अन्न, प्राणवायू आवरणातून आत यायचा, घाण तिथूनच बाहेर पडायची. पेशी घमेल्याएवढी झाली तर तिचा मधला भाग उपाशी मरेल. म्हणून हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींहून फारशा मोठ्या नसतात. हत्तीत त्या जास्त असतात, इतकंच.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, पटलं.

"सर, हत्तीचं भाषणात घेतो," ते म्हणाले. "मस्त हाय."

रोडगा भल्या सकाळी निखाऱ्यात गेला. मावशी तीनदा येऊन विचारून गेल्या, "झाला असन का जी?" मी तीनदा चौपट-आठपट सांगितलं. शेवटी त्याच वैतागल्या. "तुमचं इतकं खरं हाय, तं त्यायनं आयकलं काहून नाही?" याचं उत्तर कुठल्या पाठ्यपुस्तकात असेल तर मला ते कुणी दाखवलेलं नाही.

पाहुण्यांनी सुरी घातली. वरची साल कोळसा झाली होती. आत सुरी कणकेत रुतली आणि तिथेच उभी राहिली. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. अध्यक्ष मावशींकडे बघू लागले.

मावशींनी तो धोंडा उचलला, करपलेली साल खरवडली, आतल्या कणकेचे मुठीएवढे गोळे वळले आणि पुन्हा निखाऱ्यात लोटले. "भाषणं होऊ द्या," म्हणाल्या. "तवरिक होते." मोठी झालेली पेशीसुद्धा हेच करते, एकाच्या दोन होते. फक्त तिला आधी पाहुणे बोलवावे लागत नाहीत.

अध्यक्षांचं भाषण आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं. त्यात हत्ती आला, उंदीर आला, दोघांचे पूर्वज आले. तोवर रोडगे आतपर्यंत शिजले. पाहुण्यांनी दोन खाऊन तिसरा मागितला आणि कुणी केले ते विचारलं.

"आमच्या शाळेची मावशी हाय," अध्यक्ष म्हणाले. "लहान करायले मीच सांगतलं."

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीसारख्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, असं धडधडीत खोटं ऐकून कसं घेतलं?

"मनू द्या ना जी. कामावर तं ठेवलं. आता पुढच्या साली मोठा नाही सांगत."

सांगतील, मी म्हटलं.